छतातून पडणारी पत्रं, मुंबईतल्या मादाम आणि लंडनहून आलेला तपासनीस : आत्म्यांची 'शास्त्रीय' चौकशी झाली तेव्हा काय सापडलं?

डिसेंबर १८८४. रिचर्ड हॉजसन नावाचा २९ वर्षांचा एक तरुण मद्रासला उतरला. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, कायदा शिकलेला, नंतर केंब्रिजला गेलेला. त्याला लंडनच्या एका संस्थेनं पाठवलं होतं आणि काम एकच दिलं होतं. मुंबई आणि मद्रासमध्ये एका रशियन बाईंच्या आसपास म्हणे हवेतून पत्रं पडतात, फुटलेली बशी आपोआप जोडली जाते, हिमालयातले महात्मे रात्री गच्चीवर दर्शन देतात. हे खरं आहे की खोटं, ते शोधून काढायचं.

त्या बाईंचं नाव मादाम हेलेना ब्लाव्हाट्स्की. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक.

आज कुणी म्हणेल, एवढ्यासाठी कुणी इंग्लंडहून भारतात येतं का? पण १९व्या शतकात आत्मे, माध्यमं आणि परलोक हा विद्यापीठांमधला गंभीर विषय होता. नामांकित शास्त्रज्ञ त्यात उतरले. काहींनी लबाड्या पकडल्या, काही स्वतःच फसले. या सगळ्या खटाटोपातून आत्म्यांबद्दल फारसं हाती लागलं नाही. पण 'एखादा चमत्कार तपासायचा कसा' याचे नियम मात्र तयार झाले, आणि ते आजही उपयोगी आहेत. कसे, तेच सविस्तर पाहू.

सुरुवात कुठून झाली?

१८४८ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हाइड्सव्हिल नावाच्या छोट्या गावात मॅगी आणि केट फॉक्स या दोन बहिणींच्या घरात रात्री टकटक आवाज येऊ लागले. प्रश्न विचारला की टकटक करून उत्तर मिळायचं. बातमी पसरली, बघायला गर्दी जमली आणि थोड्याच वर्षांत अमेरिका-युरोपात परलोकवादाची, म्हणजे 'स्पिरिच्युअलिझम'ची लाट आली.

यातला शब्द लक्षात ठेवा: माध्यम, म्हणजेच मीडियम. मेलेल्या माणसाचा आत्मा ज्या जिवंत माणसाच्या द्वारे बोलतो, लिहितो किंवा वस्तू हलवतो, तो मीडियम. आपल्याकडे 'अंगात येणं' ही कल्पना खूप जुनी आहे, पण तिची जागा देऊळ, जत्रा नाहीतर घरचा देव्हारा. पाश्चात्त्यांनी तीच गोष्ट दिवाणखान्यात नेली. टेबलाभोवती खुर्च्या, दिवे मंद, हातात हात आणि बऱ्याचदा आत जायला तिकीट.

ही लाट तेव्हाच का आली? एक तर त्या काळात मृत्यू घरोघरी होता. लहान मुलं दगावायची, अमेरिकेत तर १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात लाखो माणसं गेली. दुसरं म्हणजे तारायंत्र नवीन होतं. शेकडो मैलांवरचा माणूस तारेवरून टकटक करून निरोप देऊ शकतो, तर परलोकातला का नाही, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांना अजिबात वेडगळ वाटत नव्हता.

पहिले तपास : गुडघे आणि टेबल

१८५१ मध्ये बफेलो शहरातल्या तीन डॉक्टरांनी फॉक्स बहिणींना तपासलं. पाय अशा स्थितीत ठेवायला लावले की सांधे वाजवता येणार नाहीत. टकटक थांबली. त्यांनी निष्कर्ष काढला की आवाज सांध्यांमधून येतो. पुढे १८८८ मध्ये मॅगीनं न्यूयॉर्कमध्ये भर सभेत बूट काढून, पायाच्या बोटांचे सांधे वाजवून हे कबूल केलं. पुढच्याच वर्षी तिनं तो कबुलीजबाब मागेही घेतला. पण तोवर ४० वर्षं गेली होती आणि लाखो लोकांचा विश्वास बसलेला होता.

दुसरा तपास जास्त भारी होता. १८५३ मध्ये लंडनमध्ये 'टेबल फिरवण्या'चं वेड आलं होतं. चार-पाच जण टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. विजेच्या शास्त्रात ज्याचं नाव आजही घेतलं जातं, त्या मायकेल फॅरेडेनं हे मनावर घेतलं. त्यानं हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थानं जोडलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. आत्मा टेबल ओढत असेल तर खालचे थर आधी सरकतील, हात ढकलत असतील तर वरचे. निकाल काय लागला? वरचे थर आधी सरकले होते.

म्हणजे बसलेली माणसं खोटं बोलत होती का? नाही. इथेच फॅरेडेचं मोठेपण आहे. त्यानं सांगितलं की ही माणसं प्रामाणिक आहेत, पण त्यांच्याही नकळत त्यांचे हात जोर लावतात. नंतर त्यानं एक दर्शक काटा बसवला. हात जरा सरकला की काटा हलायचा. काटा समोर दिसू लागला आणि टेबल फिरायचं थांबलं.

हॉस्टेलवर कधी प्लँचेट केलं असेल, उलटी वाटी किंवा नाणं अक्षरांवरून सरकताना पाहिलं असेल आणि 'शप्पथ, मी ढकललं नाही' असं म्हटलं असेल, तर तुम्ही बहुधा खरंच बोलत होता. अपेक्षेनं होणाऱ्या या नकळत हालचालीला 'आयडिओमोटर' क्रिया म्हणतात. घरी पडताळायचं तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा कागद गुपचूप फिरवून ठेवा. 'आत्म्या'चं शुद्धलेखन लगेच बिघडतं.

मग मोठे शास्त्रज्ञ कसे फसले?

एवढं कळल्यावर विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण पुढच्या पिढीतले काही बडे लोक उलट बाजूला गेले.

विल्यम क्रूक्स हे सगळ्यात मोठं नाव. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा, पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झालेला रसायनशास्त्रज्ञ. १८७१च्या सुमारास त्यानं डॅनियल होम नावाच्या मीडियमवर प्रयोग केले. टेबलाखाली पिंजरा ठेवला, त्यात अ‍ॅकॉर्डियन ठेवलं आणि होमला ते एका हातानं फक्त वरच्या टोकाला धरायला सांगितलं. क्रूक्सच्या म्हणण्यानुसार वाद्य वाजलं. रॉयल सोसायटीनं त्याचा निबंध स्वीकारला नाही. मग क्रूक्सनं तो स्वतः संपादित करत असलेल्या नियतकालिकात छापला.

१८७४ मध्ये प्रकरण आणखी पुढे गेलं. फ्लॉरेन्स कुक ही जेमतेम १८ वर्षांची मुलगी पडद्याआड 'समाधीत' जायची आणि बाहेर पांढऱ्या वस्त्रातली 'केटी किंग' नावाची आत्मा चालत यायची. क्रूक्सनं जाहीरपणे सांगितलं की या दोघी वेगळ्या आहेत. सहा वर्षांनी, १८८० मध्ये, दुसऱ्या एका बैठकीत प्रेक्षकांनी फिरणाऱ्या आत्म्याचा हात धरला. हातात सापडली ती स्वतः फ्लॉरेन्स.

हेन्री स्लेड हा अमेरिकन मीडियम पाटीवर आत्म्यांचे निरोप आणायचा. १८७६ मध्ये लंडनमध्ये रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञानं आत्म्यानं लिहायला सुरुवात करण्याआधीच पाटी हिसकावली. मजकूर तयारच होता. खटला झाला, तीन महिन्यांची शिक्षा झाली, पण अपिलात तांत्रिक मुद्द्यावर स्लेड सुटला. तिथून तो जर्मनीत लाइपझिगला गेला. तिथल्या झोलनर या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकानं त्याचे प्रयोग पाहून चौथी मिती सिद्ध झाली असं लिहून टाकलं.

हुशार माणसं अशी का फसली? उत्तर साधं आहे. निसर्ग कठीण असतो, पण तो मुद्दाम फसवत नाही. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला समोरची वस्तू लबाडी करेल याची सवय नसते. ती सवय जादूगाराला असते. आणि जादूगाराला कुणी बोलावतच नव्हतं.

१८८२ : चौकशीसाठी संस्थाच निघाली

१८८२ मध्ये लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. पहिले अध्यक्ष होते केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक. फ्रेडरिक मायर्स, एडमंड गर्नी, पदार्थशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट ही बाकीची मंडळी. धोरण असं की आधीच हो किंवा नाही म्हणायचं नाही. साक्षी गोळा करायच्या, जागेवर जायचं, कागदपत्रं तपासायची आणि जे सापडेल ते छापायचं.

अमेरिकेतही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं याच काळात एक आयोग नेमला. हेन्री सायबर्ट नावाच्या श्रद्धाळू धनिकानं परलोकवादाच्या चौकशीसाठी ६०,००० डॉलर ठेवले होते. १८८७ मध्ये अहवाल आला आणि त्यात जवळपास सगळीकडे हातचलाखीच सापडली. पैसे देणाऱ्याची श्रद्धा काय, हे बघून निकाल दिला नाही, हे त्या आयोगाचं वैशिष्ट्य.

लंडनच्या संस्थेपुढे पहिलं मोठं प्रकरण मात्र आलं ते आपल्या मुंबईतून.

गिरगाव ते ब्रीच कँडी

मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल हेन्री ऑल्कॉट यांनी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली होती. दोघांची ओळखही १८७४ मध्ये व्हरमाँटच्या एका शेतघरात झाली होती, जिथे ऑल्कॉट आत्म्यांच्या बैठकांवर वर्तमानपत्रासाठी लिहायला गेला होता. १६ फेब्रुवारी १८७९ ला ही मंडळी मुंबईत उतरली. आधी गिरगावात राहिली, ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू केलं आणि नंतर ब्रीच कँडीला 'क्रोज नेस्ट' नावाच्या बंगल्यात मुक्काम हलवला.

आता एक गोष्ट समजून घ्या. मादाम 'मी मेलेल्यांशी बोलते' असं म्हणत नव्हत्या. उलट साध्या मीडियमना त्या कमी लेखायच्या. त्यांचा दावा होता की हिमालयापलीकडे राहणारे सिद्ध महात्मे आपल्याला मार्गदर्शन करतात आणि त्यांची पत्रं हवेतून येतात. क्रोज नेस्टमध्ये पत्रं छतातून टपकायची. मार्तंडराव नागनाथ यांच्यासारख्या मुंबईच्या सभासदांनी रात्रीच्या वेळी महात्म्यांची आकृती पाहिल्याची लेखी साक्ष दिली.

मुंबईच्या सुशिक्षित लोकांना याचं आकर्षण का वाटलं असेल? सरकार इंग्रजांचं, शाळा मिशनऱ्यांच्या, आणि रोज ऐकायला मिळायचं की तुमचा धर्म म्हणजे अडाणीपणा. अशात एक गोरी बाई आणि एक अमेरिकन कर्नल येऊन जाहीरपणे सांगतात की ज्ञान इथे आहे, आम्ही शिकायला आलोय. चमत्कार खोटे ठरले तरी हा सन्मान खोटा नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण फक्त 'भोळी माणसं फसली' असं म्हणून उडवता येत नाही.

१८८२च्या डिसेंबरमध्ये मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. तिथे मादामच्या झोपण्याच्या खोलीला लागून एक खास खोली होती आणि भिंतीला टेकून एक लाकडी कपाट. त्याला 'श्राइन', म्हणजे देव्हारा म्हणत. त्यात प्रश्नाची चिठ्ठी ठेवायची, दार लावायचं आणि थोड्या वेळानं उघडलं की महात्म्याचं उत्तर हजर.

घरातलंच माणूस फुटलं

एमा कूलॉम ही मादामची कैरोपासूनची ओळखीची. १८८० मध्ये ती नवऱ्यासह मुंबईत येऊन सोसायटीच्या घराची व्यवस्था पाहू लागली. नवरा अ‍ॅलेक्सी सुतारकाम करायचा. १८८४ मध्ये मादाम आणि ऑल्कॉट युरोपात असताना कूलॉम दांपत्याचं बाकीच्यांशी भांडण झालं आणि मे महिन्यात त्यांना काढून टाकण्यात आलं.

सप्टेंबरमध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मध्ये बॉम्ब फुटला. मादामनं आपल्याला लिहिलेली पत्रं म्हणून कूलॉमबाईंनी ढीगभर पत्रं दिली होती आणि त्यात चमत्कारांच्या तयारीच्या सूचना होत्या. तिचं म्हणणं असं की छताच्या फटीत पत्र अडकवून दोरा ओढला की ते पडतं, कपाटाच्या मागची फळी सरकते, आणि गच्चीवरचा महात्मा म्हणजे मुखवटा घातलेला एक पुतळा. त्या पुतळ्याचं घरातलं लाडकं नावही तिनं सांगितलं: क्रिस्टोफोलो.

मादामनं ही पत्रं बनावट असल्याचं सांगितलं. पण सोसायटीच्या लोकांनी सल्ला दिला, म्हणून त्या कोर्टात गेल्या नाहीत. अशा वेळी हॉजसन येऊन पोचला.

हॉजसननं काय केलं?

तीन-साडेतीन महिने तो इथे राहिला. पहिलीच अडचण अशी की कपाट उरलंच नव्हतं. तो येण्याआधी सोसायटीच्याच माणसांनी ते जाळून टाकलं होतं. त्यामुळे त्यानं भिंत पाहिली, खोल्यांची मापं घेतली आणि साक्षीदारांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. साक्षी एकमेकींशी जुळेनात.

मग तो बाजारात गेला. ऑगस्ट १८८३ मध्ये कपाटाचं दार उघडताना चिनी मातीची एक बशी पडून फुटली होती आणि तुकडे आत ठेवल्यावर अखंड बशी मिळाली होती. हॉजसननं मद्रासच्या दुकानात चौकशी केली. चमत्काराच्या जेमतेम महिनाभर आधी कूलॉमबाईंनी तशाच दोन बश्या विकत घेतल्याची नोंद निघाली.

तो मुंबईलाही आला. इथे त्याला सिमल्याच्या सगळ्यात गाजलेल्या चमत्काराचा धागा मिळाला. ऑक्टोबर १८८० मध्ये ए. ओ. ह्यूम यांच्या घरी जेवणानंतर मादामनं ह्यूमबाईंना विचारलं होतं, काय हवंय? बाईंना हातातून गेलेला एक जुना ब्रोच आठवला आणि तो बागेतल्या वाफ्यात सापडला. नऊ जणांनी सही केली. हेच ते ह्यूम, जे पाच वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. हॉजसनला मुंबईत एक पारशी गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलं की सिमल्याच्या प्रवासाच्या थोडं आधी मादामनं अगदी तसाच ब्रोच आपल्याकडे दुरुस्तीला दिला होता. नऊ सह्या खऱ्याच होत्या. पण त्या सह्या फक्त 'आम्ही ब्रोच निघताना पाहिला' एवढंच सांगत होत्या. तो तिथे कसा आला, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

डिसेंबर १८८५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. सार असं की चमत्कार बनावट, महात्म्यांची बहुतेक पत्रं मादामच्याच हातची, आणि त्या इतिहासातल्या अत्यंत कर्तबगार फसवणूक करणाऱ्यांपैकी एक आहेत. मादाम त्याआधीच, मार्च १८८५ अखेर, भारत सोडून गेल्या होत्या. त्या परतल्या नाहीत. १८९१ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

दामोदरचं काय झालं?

या प्रकरणात सगळ्यात जास्त किंमत मोजली ती एका मराठी तरुणानं. दामोदर मावळणकर. अहमदाबादमध्ये स्थायिक झालेल्या सधन कऱ्हाडे ब्राह्मण घरातला मुलगा. १८७९ मध्ये, विशीतच, तो सोसायटीत आला. घर सोडलं, 'द थिऑसॉफिस्ट'चं काम अंगावर घेतलं आणि १८८० मध्ये त्याच मासिकात लेख लिहून आपण जातीचं बंधन सोडल्याचं जाहीर केलं. त्या काळात याचा अर्थ आपल्या माणसांना कायमचं मुकणं.

हॉजसननं त्याला कटातला साथीदार ठरवलं. सोसायटीच्या लोकांच्या मते तो निखळ श्रद्धावान होता. २३ फेब्रुवारी १८८५ ला, हॉजसन अजून भारतात असतानाच, दामोदर महात्म्यांच्या शोधात अड्यारहून निघाला. दार्जिलिंगमार्गे सिक्कीमकडे गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

फसवणुकीतला भागीदार असता, तर हिमालयात ते महात्मे शोधायला गेला असता का? हा प्रश्न अहवालातल्या कुठल्याही पुराव्यापेक्षा जास्त बोचतो. खोट्या चमत्काराची किंमत बहुतेक वेळा तो करणारा चुकवत नाही, मानणारा चुकवतो.

पण अहवाल तरी निर्दोष होता का?

नव्हता. हॉजसनचा बराचसा भर कूलॉम दांपत्यावर होता, आणि ते नाराज होऊन बाहेर पडलेले लोक होते. सरकत्या फळ्या मादाम युरोपात असताना अ‍ॅलेक्सीनंच मुद्दाम बसवल्या, असं थिऑसॉफिस्टांचं म्हणणं होतं. हस्ताक्षर तज्ज्ञांनी आधी एक मत दिलं आणि आणखी नमुने पाहिल्यावर ते बदललं. शिवाय हे सगळं मादाम कशासाठी करत होत्या, याचं उत्तर म्हणून हॉजसननं त्या रशियाच्या हेर असाव्यात असा तर्क लढवला. ब्रिटिश राजवटीतल्या माणसाच्या डोक्यात तेव्हा रशियाची भीती बसलेली होती, हे त्यातून दिसतं.

१९८६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षर आणि बनावट कागदपत्रांच्या जाणकारानं हॉजसनच्या पद्धतीवर कडक टीका केली. तो अहवाल एकतर्फी आहे, असं त्याचं म्हणणं. यानं चमत्कार खरे ठरत नाहीत. पण चौकशी करणाऱ्याचीही चौकशी व्हायला हवी, हे ठरतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग, जो फारसा कुणाला माहीत नाही

लंडनला परतल्यावर हॉजसनला एस. जे. डेव्ही नावाचा तरुण भेटला. तो आधी पाटीवरच्या लिखाणावर विश्वास ठेवायचा, नंतर त्यानं त्या युक्त्या स्वतः शिकून घेतल्या. दोघांनी मिळून एक खेळ रचला. डेव्ही बैठका घ्यायचा आणि आलेल्या लोकांनी जे पाहिलं ते सविस्तर लिहून द्यायचं. १८८७ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

लोकांनी जे लिहिलं ते वाचून कुणीही चक्रावेल. पाटी एक क्षणही नजरेआड गेली नाही, असं त्यांनी लिहिलं. ती गेली होती. कुलूप आम्हीच लावलं, असं लिहिलं. लावलं होतं डेव्हीनं. मधेच त्यानं गप्पा मारल्या, लक्ष दुसरीकडे वळवलं, ते कुणाच्या लेखात आलंच नाही. कारण ते कुणाला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. त्यांची आठवण चमत्काराला सोयीची होईल अशी स्वतःच जुळवून घेत होती. यावर कडी म्हणजे उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनच्या बरोबरीनं नाव घेतलं जातं ते आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्यांनी डेव्हीचं म्हणणं मान्यच केलं नाही. डेव्ही युक्ती म्हणतोय, पण तो खरा मीडियमच असला पाहिजे, असा त्यांचा सूर होता!

आणि हॉजसनचं पुढे काय झालं?

१८८७ मध्ये हॉजसन अमेरिकेतल्या भगिनी संस्थेचं काम पाहायला बोस्टनला गेला. तिथे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी लिओनोरा पायपर या मीडियमकडे लक्ष वेधलं होतं. हॉजसननं तिच्या मागे गुप्तहेर लावले, ती बाहेरून माहिती काढते का ते पाहिलं, लोकांना खोट्या नावानं तिच्याकडे नेलं. फसवणूक सापडली नाही. दहा वर्षांनी या कडक तपासनिसानं जाहीर केलं की पायपरमार्फत मेलेलेच बोलतात, असं आपल्याला वाटतं.

१९०५ मध्ये हॉजसन अचानक वारला. थोड्याच दिवसांत पायपरच्या तोंडून 'हॉजसनचा आत्मा' बोलू लागला. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांनी त्या आत्म्याला सांगितलं की माझी वारलेली भाची बेसी बील्स हिला बोलाव. आत्म्यानं बोलावली, निरोपही आणले. गंमत अशी की बेसी बील्स नावाची भाची हॉल यांना कधी नव्हतीच. नाव मनानं रचलेलं होतं.

पायपर जाणूनबुजून फसवत होती असं कुणी सिद्ध केलं नाही. पण तिच्या समाधीतला 'आत्मा' समोरच्याला हवं ते पुरवत होता, एवढं मात्र स्पष्ट झालं.

नागपूरचा संबंध काय?

हॉजसननं ज्या अमेरिकन संस्थेसाठी काम केलं, तिच्याच नियतकालिकात १९८० मध्ये नागपूरच्या एका प्रकरणावर निबंध आला. १९७०च्या दशकात इथल्या एका मराठी स्त्रीच्या तोंडून मधूनमधून दीडशे वर्षांपूर्वीची एक बंगाली बाई बोलते, असं सांगितलं जात होतं. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला. पुण्याचे व्ही. व्ही. अकोलकर यांनीही वेगळा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांना हे प्रकरण नेहमीच्या कारणांनी उलगडणारं वाटलं नाही. सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हरकत घेतली की त्या स्त्रीचा बंगालीशी आधी संबंध आला होता, मग भाषा 'न शिकता' आली असं कसं म्हणायचं? नागपुरात बंगाली वस्ती जुनी आहे, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. इथेही प्रश्न हॉजसनच्याच काळातला होता: दुसरे सगळे मार्ग बंद होते याची खात्री कुणी केली?

तपासाची दुसरी परंपराही याच शहरात वाढली. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपूरची. ऑगस्ट २०१३ मध्ये नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. हा कायदा श्रद्धेला किंवा पूजेला हात लावत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, फसवणं, दहशत बसवणं, हे त्यात गुन्हा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबागेत बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची रामकथा झाली. न सांगता माणसाची माहिती ओळखण्याचा दावा चर्चेत आला. आमच्या अटींवर हे करून दाखवा, ३० लाख रुपये देतो, असं आव्हान मानव यांनी दिलं. समितीनं पोलिसांकडे तक्रारही केली. व्हिडिओ तपासून, यात कायद्याचा भंग दिसत नाही, असं पोलिसांनी सांगितलं. शास्त्रींनी आरोप फेटाळले. चाचणी झालीच नाही. महिनाभर सोशल मीडियावर दोन्हीकडून कल्ला झाला, पण वाद फिरत राहिला तो १८८० च्याच मुद्द्याभोवती: अटी कुणाच्या?

पुढच्या वेळी व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी

या सगळ्या चौकश्यांमधून उरलेले प्रश्न असे. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. जागा, वेळ आणि साहित्य कुणी ठरवलं? दावा करणाऱ्यानं ठरवलं असेल तर तो खेळ आहे, चाचणी नाही.

२. साक्षीदारांनी नेमकं काय पाहिलं? ब्रोच निघताना पाहिला, की तो तिथे पोचताना?

३. चमत्काराच्या आधी काय झालं? बशी फुटण्याआधीची दुकानातली नोंद जास्त बोलते. व्हिडिओही बहुतेक 'आधी'चा भाग कापूनच येतो.

४. तपासायला कोण होतं? फक्त डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी होते की हातचलाखी ओळखणारा कुणी होता?

५. खोटी माहिती दिली तर काय होतं? नसलेली भाची हजर झाली, की विषय संपला.

६. तपासणाऱ्याला कुठला निकाल हवा होता? हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारायचा.

आणि एक गोष्ट. टेबलाभोवती बसलेली ती माणसं मूर्ख नव्हती. बहुतेकांचं कुणीतरी गेलेलं होतं आणि त्यांना एकदा आवाज ऐकायचा होता. आजही दरबारात रांग लावणाऱ्यांत आजारी मुलाची आई असते, कर्जात बुडालेला बाप असतो. प्रश्न विचारायचे ते समोर मंचावर बसलेल्याला. रांगेत उभ्या असलेल्यांची टिंगल करून एकही माणूस त्या रांगेतून बाहेर आलेला नाही.